वरच्या कुरणाचं फाटक

१. शांतता

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा.

तुम्ही एका टेकडीच्या पायथ्याशी उभे आहात. फेब्रुवारी महिना आहे आणि देश न्यूझीलंड, म्हणजे भर उन्हाळा. महिनाभर पावसाचा थेंब नाही. टेकडीवरचं गवत वाळून पिवळं पडलं आहे. तुमच्यासमोर लोखंडी नळ्यांचं एक फाटक आहे आणि ते बंद आहे. फाटकापलीकडे चौदा वासरं आहेत. आता नीट कान द्या. काय ऐकू येतं?

काहीच नाही ना?

तेच तर भयंकर होतं. जिथे चौदा वासरं असतात तिथे कधीच शांतता नसते. एक हंबरतं, दुसरं शिंगं नसलेल्या डोक्याने तिसऱ्याला ढुशी देतं, काहीतरी चालूच असतं.

मंगळवारी दुपारी चार वाजता कॉलीन मॅकलाउड त्या फाटकापाशी पोचली आणि जागीच थबकली. कॉलीन सत्तरीची बाई, एकटी राहणारी, पुकेकोहे गावापासून पाऊण तासावरच्या या शेताची मालकीण. शनिवारी पहाटे ती बहिणीच्या ऑपरेशनसाठी लांब पोरिरुआ शहरात गेली होती आणि आत्ताच परतली होती.

अकरा वासरं फाटकाला चिकटून उभी होती. माना खाली, डोळे खोल गेलेले, जिभा कोरड्या. तीन जमिनीवर आडवी होती आणि ती उठणार नव्हती. त्या तिघांतल्या एकाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. त्याचं नाव बिस्किट. त्याची आई तो जन्मला त्याच दिवशी मेली, म्हणून कॉलीनने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. त्यातल्या कितीतरी बाटल्या सिद्धी नावाच्या अकरा वर्षांच्या एका मुलीने धरल्या होत्या.

आता हे समजून घ्या. वरच्या कुरणात पाणी नाही. पाण्याचा हौद खालच्या कुरणात आहे, झाडांच्या दाट रांगेमागे. म्हणून उन्हाळाभर हे फाटक उघडंच असतं. वासरं वर चरतात आणि तहान लागली की आपली आपण खाली येतात. शनिवारी पहाटे साडेपाचला निघताना कॉलीनने ते उघडं आहे हे स्वतः पाहिलं होतं.

आणि आता ते बंद होतं. नारिंगी सुतळीने नीट, काळजीपूर्वक बांधलेलं.

पशुवैद्याला दाखवण्यासाठी कॉलीनने मोबाईलवर वासरांचे आणि फाटकाचे फोटो काढले. मग सुतळीचं लोंबतं टोक ओढलं. एका झटक्यात गाठ सुटली.

दोन तास ती वासरांना बादलीतून थोडंथोडं पाणी पाजत होती, कारण इतक्या तहानलेल्या जनावराला एकदम पोटभर पाणी दिलं तर तेही जिवावर बेततं. त्यानंतर तिने पुकेकोहेतल्या एका घरी फोन लावला.

“समीर,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून समीर जास्तच घाबरला. “शनिवारी माझं फाटक कुणी लावलं?”

२. बारावं दार

समीर हा सिद्धीचा बाबा. मूळचा पुण्याचा, पुकेकोहेत कांदे-बटाटे भरणाऱ्या यंत्रांवर इंजिनियर. सिद्धीची आई, नीता, तिथेच एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे.

समीरला शिकारीचा नाद इथे येऊन लागला. या देशात सशांनी शेतकऱ्यांना जेरीस आणलं आहे. ते गवत फस्त करतात आणि जमीन पोखरतात. ससे मारायला कुणी आलं तर शेतकऱ्याला हवंच असतं. पण म्हणून बंदूक घेऊन कुणाच्याही जमिनीत शिरता येत नाही. आधी मालकाला विचारायचं, आणि विचारायचीही एक रीत आहे.

दिवसाउजेडी जायचं. समोरच्या दाराने जायचं. हात रिकामे हवेत, बंदूक गाडीतसुद्धा नको. दार वाजवायचं, टोपी काढायची, स्वतःचं नाव सांगायचं, काय करणार ते सांगायचं आणि उत्तराची वाट बघायची. ‘नाही’ म्हणाले तर आभार मानून परत फिरायचं.

समीर अकरा दारांवरून आभार मानून परत फिरला होता. बारावं दार कॉलीनचं. तिने त्याचा बंदुकीचा परवाना उलटसुलट करून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला.

“माझ्या फाटकांचं काय करशील?”

“उघडं असेल तर उघडं ठेवीन. बंद असेल तर बंद.”

“आणि बंद फाटक ओलांडायचं झालं तर?”

“बिजागरीच्या बाजूने चढून जाईन. म्हणजे फाटक वाकत नाही.”

कॉलीनने कानामागची पेन्सिल काढली आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्याचं नाव लिहिलं. त्या दिवशी समीर घरी आला तो नवी नोकरी मिळाल्यासारखा. पुढे त्याच्याच शब्दावर तिने शार्दूललाही परवानगी दिली. शार्दूल हा त्याचा मित्र, बॉटनी डाउन्सच्या शहरी वस्तीत राहणारा, कॉम्प्युटरवर काम करणारा. दर खेपेला आधी फोन करायचा, कॉलीन कॅलेंडरवर वेळ लिहिणार, मगच जायचं.

कॉलीन गेली त्याच शनिवारी सकाळी समीरची पाळी होती. सिद्धीचा नेटबॉलचा सामना होता, म्हणून तो आपल्या वडिलांना घेऊन गेला.

दीनानाथ आजोबा वाईजवळच्या एका गावातून तीन महिन्यांसाठी आले होते आणि पंधरा दिवसांत परत जाणार होते. शिकार त्यांना मुळीच पसंत नव्हती. “तू जा तुझ्या सशांमागे, मी गाडीत पेपर वाचतो,” असं ते म्हणायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. सिद्धीला मराठी समजायचं, पण ती उत्तर इंग्रजीत द्यायची. त्यामुळे दोघांचं प्रेम खूप होतं आणि बोलणं थोडं.

त्या शनिवारी संध्याकाळी आजोबा घरामागच्या लाकडी डेकवर बसून आपले कॅनव्हासचे बूट ब्रशने घासत होते. सिद्धी पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, आणि कानात गाणी घालून पायरीवर बसली होती.

“आज त्या कॉलीनबाईंच्या थोडं उपयोगी पडलो बरं का, सिद्धू,” आजोबा म्हणाले.

“स्वीट ॲज, आजोबा,” म्हणजे मस्तच, असं सिद्धी म्हणाली आणि तिने पुढचं गाणं लावलं.

आजोबांनी डेकच्या खांबापासून लिंबाच्या झाडापर्यंत एक दोरी बांधली आणि बूट तिच्यावर टांगले.

आणि मंगळवारी संध्याकाळी तो फोन आला. बाबाचा चेहरा पांढरा पडलेला सिद्धीने पहिल्यांदाच पाहिला. बिस्किटचं ऐकल्यावर तर तिला रडूही फुटेना. ती नुसती भिंतीकडे बघत राहिली.

“अण्णांना यातलं काही सांगू नका,” नीता सासऱ्यांबद्दल हळूच म्हणाली. “जाताना उगाच जिवाला घोर.”

सगळ्यांनी मान डोलावली. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला ते शहाणपणाने अंधारात ठेवत होते. आपण काय करतो आहोत, हे एकालाही कळलं नाही.

३. तिघांनी नियम पाळला

बुधवारी शाळा सुटल्यावर समीर सिद्धीला घेऊन थेट शेतावर गेला. कॉलीनच्या स्वयंपाकघरात दोघं आधीच बसले होते. एक शार्दूल, नखं कुरतडत. दुसरा ब्रेडन, तिशीतला गवंडी, कॉलीनच्या डोळ्यांसमोर वाढलेला. तो इथे रानबकऱ्यांची शिकार करायचा. त्याचा काळा कुत्रा दाराबाहेर कठड्याला बांधलेला होता.

“किया ओरा, सिद्धी,” ब्रेडनने माओरीत नमस्कार केला. मग समीरकडे बघून फक्त भुवया उडवल्या.

कॉलीनने कॅलेंडर टेबलावर ठेवलं. “शनिवार सकाळ, समीर. शनिवार दुपार, ब्रेडन. रविवार, शार्दूल. सोमवारी कुणी नाही. बोला.”

“मी सात वाजता लोकरीच्या शेडपाशी गाडी लावली,” समीर म्हणाला. “फाटक शेडच्या मागे. मी उघड्या फाटकातून वर गेलो. परत येताना ओढ्याच्या बाजूने उतरलो आणि साडेनऊला निघालो. फाटक पुन्हा पाहिलंच नाही.”

“बरोबर कुणी होतं?”

“फक्त वडील. ते गाडीत झोपले होते. तोंडावर पेपर घेऊन.”

कॉलीनने ब्रेडनकडे पाहिलं.

“मी तीनला आलो,” ब्रेडन म्हणाला. “तेव्हा फाटक बंद होतं. मी बिजागरीपाशी चढून गेलो. हात लावला नाही. बंद म्हणजे बंद. तूच शिकवलंस ना, मी सहा वर्षांचा असताना?”

“वासरं?”

“हंबरत होती जोरात.” ब्रेडनचा आवाज जरा खाली आला. “मला वाटलं, तू त्यांना नुकतंच आयांपासून तोडलंस. तेव्हा ओरडतातच ना ती.”

“मी पण चढूनच गेलो,” शार्दूल घाईने म्हणाला. “समीरने मला तसंच सांगितलं होतं. रविवारी ती सगळी फाटकाशी उभी होती. माझ्याकडे बघत होती. मला काय कळतंय गुरांतलं? वाटलं, बघत असतील माणसाकडे.” त्याचे डोळे भरून आले. “ती पाणी मागत होती हो.”

“मॉलची दारं आपोआप लागतात,” ब्रेडन समीर-शार्दूलकडे बघून पुटपुटला. “इथे कुणाला तरी तीच सवय दिसते.”

“ब्रेडन!” कॉलीनने दरडावलं.

“तिघांनीही नियम पाळला,” कॉलीन म्हणाली. “आणि माझी तीन वासरं तहानेने मेली.”

तिने पेन्सिल हातात घेतली.

“सकाळी सातला उघडं, दुपारी तीनला बंद. मधल्या वेळात इथे एकच माणूस होता.” तिने समीरच्या नावावर रेघ मारली. “शनिवारी दुपारपर्यंत येऊन खरं सांगितलंस तर मी ऐकून घेईन, समीर. नाहीतर आजूबाजूच्या चारही शेतांवर फोन करीन आणि तुझं नाव सांगीन. मला ते आवडणार नाही. पण करीन.”



४. एका झटक्यात सुटणारी

बाबा खोटं बोलत नाही, हे सिद्धीला ठाऊक होतं. पण ‘मला ठाऊक आहे’ हा काही पुरावा नव्हे. पुरावा हातात धरता आला पाहिजे.

तिने सरळ कॉलीनलाच विचारलं, “मी फाटकाचा फोटो बघू?”

कॉलीनने मोबाईल पुढे केला. सिद्धीने फोटो मोठा केला आणि शाळेच्या वहीत गाठीचं चित्र काढायला लागली. सुतळी दुहेरी केलेली. तिचा एक फासा नळीभोवतून फिरवून दुसऱ्या फाशातून काढलेला. एक टोक मोकळं, खाली लोंबणारं.

“ही सोडायला त्रास झाला?”

“अजिबात नाही. टोक ओढलं आणि सुटली,” कॉलीन म्हणाली. “तीच तर गंमत आहे. ज्याने लावलं तो निष्काळजी नव्हता. ते फाटक खाली घसटतं, त्याला उचलून धरावं लागतं. त्याने उचललं, दगडावर टेकवलं, मग बांधलं. मन लावून केलेलं काम आहे ते.”

मन लावून! सिद्धीने वहीत त्या शब्दांखाली रेघ ओढली.

ब्रेडन आणि शार्दूल चढून गेले म्हणतात. म्हणजे ज्याने फाटक लावलं त्याच्यानंतर या गाठीला कुणाचा हात लागला नाही. गाठ त्याचीच.

ती बाहेर ब्रेडनच्या मागे गेली. मनातून तिला वाटत होतं की हाच असणार. “तुझा कुत्रा सुतळीने बांधून दाखवशील?”

“का? पट्टा आहे की त्याला.”

“शाळेच्या प्रोजेक्टसाठी.” हे खरं नव्हतं आणि तिचे कान लाल झाले.

ब्रेडन हसला. त्याने सुतळी घेतली, तीन वेढे मारले आणि दातांनी ओढून अशी गाठ आवळली की ती मण्यासारखी घट्ट झाली. “ही सोडायला चाकू लागतो,” तो अभिमानाने म्हणाला.

ब्रेडन नव्हे.

गुरुवारी शार्दूल घरी आला, समीरची समजूत घालायला, आणि स्वतःच रडवेला होऊन बसला. सिद्धीने त्याच्या हातात दोरीचा तुकडा दिला. “शार्दूल काका, टाय धिस टू द चेअर, प्लीज.” त्याने बुटाच्या नाडीसारखं फुलपाखरू बांधलं. तेही लगेच निसटलं.

शार्दूल काका नव्हे.

बाबाचं तपासायची गरजच नव्हती. बाबा एकावर एक पाच गाठी मारतो. समीरने बांधलेलं पार्सल म्हणजे तुरुंग, असं आई नेहमी म्हणते.

म्हणजे तिघांपैकी कुणीच नव्हे. आता तुम्ही सांगा, अशा वेळी हुशार माणूस काय करतो? तो म्हणतो, तीन माणसं तपासून उत्तर मिळत नसेल तर कदाचित माणसं तीन नसतील. सिद्धीलाही हे सुचलं. पण चौथं कोण, ते काही तिला सुचेना.

५. बुटांची दोरी

शुक्रवारी संध्याकाळी ती पेला घेऊन पाणी प्यायला उठली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली. आत आईबाबा बोलत होते.

“उद्या जाऊन सांगतो मीच लावलं म्हणून,” बाबा म्हणाला.

“अरे, पण तू लावलं नाहीस!”

“मला आता खात्री वाटत नाही, नीता. चार दिवस तेच तेच आठवतोय. कदाचित सवयीने लावलंही असेल. निदान कबूल केलं तर शार्दूलचं नाव तरी तिथे राहील. बिचाऱ्याने काही केलेलं नाही.”

सिद्धीला धक्का बसला. न केलेली गोष्ट बाबा कबूल करणार? आणि मग ती खरी होणार, कायमची?

ती पाय न वाजवता मागच्या डेकवर आली. उन्हं कलली होती. आजोबा लिंबाच्या झाडापाशी उभे होते. बूट केव्हाच वाळून पायात गेले होते, पण दोरी आठवडाभर तशीच राहिली होती. आजोबांनी दोरीचं लोंबतं टोक धरलं आणि सहज ओढलं.

एका झटक्यात गाठ सुटली.

सिद्धीच्या हातातला पेला डेकवर आपटला. नशिबाने प्लास्टिकचा होता.

ती खांबाकडे धावली. दोरीचं दुसरं टोक अजून तिथे बांधलेलं होतं. दुहेरी दोरी. फाशातून काढलेला फासा. एक टोक मोकळं, खाली लोंबणारं. तिला वही आणायचीही गरज नव्हती.

आणि मग एकामागून एक सगळं आठवलं. शनिवारी संध्याकाळी घासून घासून धुतलेले बूट. गाडीत पेपर वाचणाऱ्या माणसाच्या बुटांना एवढं काय लागलं होतं? आणि ते वाक्य, जे तिला सांगितलं गेलं होतं, तिला एकटीलाच, कुणाला काही कळायच्याही तीन दिवस आधी. आज त्या कॉलीनबाईंच्या थोडं उपयोगी पडलो.

उत्तर पहिल्याच दिवशी तिच्यापाशी आलं होतं. तिने पुढचं गाणं लावलं होतं.

६. कुणीच न विचारलेला प्रश्न

“आजोबा.” तिने एकेक शब्द जुळवला. “शनिवारी तुम्ही... कॉलीनचं फाटक... लावलं?”

नातीच्या तोंडून आख्खं मराठी वाक्य ऐकून आजोबांचा चेहरा उजळला.

“लावलं तर! कुणी सांगितलं तुला? अगं, गाडीत पाय आखडले म्हणून शेडच्या मागे फेरी मारायला गेलो, तर फाटक सताड उघडं. तीन वासरं पार खाली रस्त्याच्या बाजूला आलेली. एखादा ट्रक आला असता तर? दोघांना हाकललं वर. आणि ते पांढऱ्या ठिपक्याचं होतं ना, ते तर आपणहून माझ्यामागे आलं. हात चाटत होतं माझा, शेणातून चालवलंन मला. मग फाटक उचलून लावलं, आणि गाय बांधायची आपली गाठ मारली. कुठल्या तरी वेंधळ्याने उघडं टाकलेलं. मी नसतो तर...”

“आणि पाणी?” सिद्धीने विचारलं.

“पाणी काय, संध्याकाळी कुणीतरी दाखवायला येणारच. दोन वेळा गुरांना पाणी दाखवल्याशिवाय घरचं माणूस जेवतं का?”

बघा मुलांनो, चूक किती भल्या वाटेने येते. आजोबांच्या घरी सहा गुरं होती. सकाळ-संध्याकाळ माणूस त्यांच्याकडे जायचा. त्यामुळे फाटक लावणं म्हणजे गुरांना जपणं. कॉलीनच्या शेतावर दोनशे गुरं आणि बाई एकटी. तिथे माणूस गुरांकडे जात नाही, गुरंच पाण्याकडे जातात. त्यामुळे फाटक उघडं ठेवणं म्हणजे गुरांना जपणं. हे आजोबांना कुणी सांगितलं नव्हतं. समीरने कॉलीनचे सगळे नियम पाठ केले होते, शार्दूलला शिकवले होते. वडिलांना शिकवायचं त्याच्या मनातही आलं नाही. ते तर गाडीतच बसणार होते.

सिद्धीपुढे दोन वाटा होत्या. गप्प राहावं, तर आजोबा नऊ दिवसांनी हसत विमानात बसतील आणि बाबाचं नाव त्या खोऱ्यात कायमचं जाईल. सांगावं, तर...

तिने सांगितलं. मोडक्या मराठीत, मध्ये इंग्रजी शब्द घालत. मंगळवार. तीन वासरं. बिस्किट. बाबा.

आजोबांचा हात जिथे होता तिथेच राहिला, हवेत, दोरीसकट. मग ते हळूहळू पायरीवर बसले आणि उजव्या हाताचा तळवा बघत राहिले. त्याच हाताला ते वासरू चाटत होतं.

“माझ्यामागून आलं गं ते,” एवढंच ते म्हणाले.

मग त्यांनी दोरीची नीट घडी घातली. “उद्या मला तिकडे घेऊन चला. आणि सिद्धू, माझं बोलणं इंग्रजीत तू सांग. समीर सांगायला लागला तर माझी बाजू घेईल. मी बोलेन तेवढंच सांग. कमी नको, जास्त नको.”

७. समोरचं दार

शनिवारी सकाळी दहा वाजता कॉलीनच्या टेबलाशी चौघं बसले होते. सिद्धीने वही उघडून चित्र आणि दोरी शेजारी शेजारी ठेवली. कॉलीनने दोन्हींकडे पाहिलं आणि मग समोरच्या म्हाताऱ्या माणसाकडे. तिचा हात तोंडावर गेला.

आजोबा उभे राहिले. “फाटक मी लावलं. भलं करायला गेलो. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. तुमची वासरं माझ्यामुळे गेली.”

समीर पुढे झुकला. “म्हणजे त्यांचं म्हणणं असं की त्यांना कल्पनाच नव्हती...”

“बाबा, नाही,” सिद्धी मराठीत म्हणाली. समीर चकित होऊन गप्प झाला. तिने आजोबांची वाक्यं इंग्रजीत सांगितली. कमी नाही, जास्त नाही. ‘माझ्यामुळे’ हा शब्दसुद्धा तिने गाळला नाही.

कॉलीन उठून खिडकीशी गेली. बाहेर, लांब, अकरा वासरं खालच्या कुरणात दिसत होती.

“मी तिघांना बोलावलं,” ती पाठमोरीच म्हणाली. “शनिवारी इथे चौथा माणूस होता हे मला समीरने सांगितलं होतं, ह्याच टेबलाशी. आणि मी त्याला विचारलंसुद्धा नाही.” ती वळली. “समीर, तू खोटं बोलला नाहीस. तुझी माफी मागते. शेजाऱ्यांना मी फोन करणार नाही. पण तू माझ्या जमिनीवर एक माणूस आणलास आणि इथले नियम त्याला त्याच्या भाषेत सांगितले नाहीस. तुझं नाव मी आज परत लिहिणार नाही. आज मला ते जमणार नाही.”

“बरोबर आहे,” समीर म्हणाला.

सिद्धीने तेही आजोबांना सांगितलं, शब्दन् शब्द. आजोबांनी हात जोडले. कॉलीनने काही क्षण त्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

सगळे मागच्या दाराने बाहेर आले. समीरने गाडी सुरू केली. आजोबा गाडीपाशी उभे होते, कुरणाकडे बघत, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून, जणू आता ते कशालाच लागू नयेत.

आणि मग सिद्धीने काय केलं, सांगू?

तिने वही गाडीत ठेवली. खिशातली दोरीही ठेवली. टोपी काढली. आजोबांचा हात धरून ती घराला वळसा घालून समोरच्या दाराशी गेली, ज्या दाराने फक्त विचारायला आलेली माणसं जातात. तिने दार वाजवलं आणि एक पाऊल मागे सरून थांबली.

दार उघडलं.

“माझं नाव सिद्धी,” ती म्हणाली. “हे माझे आजोबा, दीनानाथ. उद्या सकाळी तुमच्या अकरा वासरांना बादलीने पाणी पाजायला आम्हाला तुमच्या जमिनीवर यायचं आहे. फाटक जसं असेल तसंच ठेवू. नियम मी आजोबांना मराठीत सांगेन. परवानगी द्याल का?”

कॉलीनने त्या दोघांकडे पाहिलं. मग तिचा हात कानामागे गेला आणि तिने पेन्सिल काढली.

“किती वाजता?”

उत्तर सिद्धीच्या ओठांवर आलंच होतं. पण तिने ते दिलं नाही. ती आजोबांकडे वळली आणि तिने त्यांना विचारलं.